व्हिडिओतली पाठमोरी बाई

गेल्या रविवारी धाकट्याने मला एक व्हिडिओ पाठवला. सोबत लिहिलं होतं, "आजी, हे बघ, आणि प्लीज कुणाला दार उघडू नकोस." त्याखाली थोरलीने एक घाबरलेला चेहरा टाकला. मी उत्तर दिलं नाही, तेव्हा दोन दिवसांनी तुमच्या आईचा फोन आला. आजी रागावली का, म्हणून.

रागावले नाही. उत्तर लांब आहे आणि अंगठ्याने लिहिण्यासारखं नाही. तुम्ही दोघं मराठी हळू वाचता हे मला माहीत आहे, म्हणून सरळ आणि क्रमाने लिहिते.

तो व्हिडिओ मिनिटभराचाही नाही. एका चाळीच्या अंगणात माणसांचा घोळका आहे. मध्ये गुलाबी साडीतली एक तरुण बाई आणि तिच्या पायाशी पालथी पडलेली माशांची पाटी. एक माणूस कोयता वर धरून सगळ्यांना दाखवतो आहे. मग उजवीकडून एक म्हातारी येते. तिचे केस पांढरे आहेत आणि पाठ आपल्याकडे. ती तरुण बाई तिला काहीतरी विचारते. म्हातारी म्हणते, "मला काही आलेलं नाही. मी हिला ओळखत नाही." तिथे व्हिडिओ संपतो. खाली हिंदीत लिहिलं आहे की म्हाताऱ्या बायकांना बेशुद्ध करून लुटणारी टोळी पकडली गेली. गावाचं नाव भलतंच आहे, तिकडे उत्तरेतलं.

ते अंगण आपल्या लालबागच्या चाळीचं आहे, आणि ती पाठमोरी बाई मी आहे. तुम्ही ओळखलं नाहीत यात तुमचा दोष नाही. तुम्ही मला नेहमी समोरून बघता, तेही फोनच्या काचेत, खांद्यापर्यंत.

आता हे कसं घडलं ते सांगते.

मी फोर्टातल्या एका कंपनीत बत्तीस वर्षं स्टेनो होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. गिरगावात कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी चांगलं होतं, हात जलद होता. साहेब केबिनमध्ये येरझाऱ्या घालत बोलायचे. अर्धी वाक्यं, मध्येच शिवी, मध्येच चहा. मी त्याचं सुरेख पत्र करून पुढे ठेवत असे. वाक्य अपुरं असलं तर पुरं करत असे. तीन मुद्दे दुबळे वाटले तर चौथा घालत असे. पत्रात लिहिलेलं खरं की खोटं हे विचारणं माझं काम नव्हतं. साहेब म्हणायचे, "तुम्ही लिहिलं की मलासुद्धा ते पटतं."

लग्न होऊन लालबागला आले तेव्हा चाळीने माझं अक्षर पाहिलं आणि जिन्याखालचा फळा माझ्या गळ्यात घातला. पाणी कधी येणार, गणपतीची मीटिंग कधी, कोण वारलं, सगळं मी खडूने लिहीत असे. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे एक काका इस्पितळात होते. त्यांच्या मेहुण्याने घाईत शेजारच्या खाटेवरचा माणूस गेलेला पाहिला, आणि अंगणात उभं राहून ओरडून सांगितलं, गेले! मी फळ्यावर लिहिलं, अंत्ययात्रा चार वाजता. अडीच वाजता काका टॅक्सीतून उतरले. त्यांनी फळा वाचला, तीन मजले चढून माझ्या दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, चारला मला जमायचं नाही हो. जेवून झोपणार आहे."

चाळ महिनाभर हसली. पण त्या दिवसापासून फळ्याचा नियम झाला. जो सांगेल त्याने खाली स्वतः सही करायची. आणि सांगितलेली गोष्ट स्वतः पाहिलेल्या दुसऱ्या माणसानेही सही करायची. पाणी येणार नाही एवढंच असलं, तरी दोन सह्या. तुमचे आजोबा गेले तेव्हाही फळ्यावर दोन सह्या होत्या.

मग फोन आले आणि चाळीचा ग्रुप झाला. फळ्यावर आता उंदरांच्या औषधाची जाहिरात चिकटवलेली असते. पूर्वी दुपारी गॅलरीत बायका मटार सोलत बसायच्या आणि तिथेच सगळं कळायचं. आता दारं लोटलेली असतात. त्याच बायका आत बसून तेच बोलतात, पण फोनवर. माझी शेजारीण मालवणची आहे. मला ताप आला की पेज घेऊन येते, इतकी मायेची. तीसुद्धा भिंतीपलीकडून मला लिहून विचारते, "चाय घेतलास काय?" मी भिंतीवर टकटक करते, तर म्हणते, "मेसेज बघूक नाय?"

चाळीचा सेक्रेटरी कुरियरच्या कंपनीत काम करणारा गृहस्थ आहे. ग्रुपही तोच चालवतो. काही महत्त्वाचं आलं की मला म्हणतो, "आजी, तुमी टाका ना जरा नीट करून. तुमचं लिवलेलं लोक वाचतात. माझं कोण वाचतो?" मी टाकत असे. फळ्यावर लिहिताना जी शान वाटायची, तीच वाटायची. फक्त सह्यांचा नियम आम्ही खाली जिन्याखालीच ठेवून आलो होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता कोळणीविषयी. मी तिला मावशी म्हणते, जरी आमचं वय सारखंच आहे, आणि ती मला बाय म्हणते. शीव कोळीवाड्याहून ती तीस वर्षं आपल्या दारी येत होती. बुधवार, शुक्रवार, रविवार, दहाच्या सुमाराला. तिने बेल कधी वाजवली नाही. तळहाताने दारावर दोन थापा मारायची आणि ओरडायची, "बाय, उघड गो, सरंगा रुसला!" तुम्ही लहानपणी इथे आलात तेव्हा त्या थापांनी थोरली रडायची. आजोबा गेल्यावर ती पाटी न घेता आली आणि उंबऱ्यावर नुसती बसून राहिली. मग तेरा दिवस आपल्या दाराकडे फिरकली नाही, कारण या घरात मासळी शिजणार नव्हती. चौदाव्या दिवशी मला न विचारता दोन पापलेटं साफ करून पुढे ठेवली आणि म्हणाली, "आता खा." मी तिला माझा फोन नंबर कागदावर लिहून दिला होता, कधी काही लागलं तर कळव म्हणून.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका सोमवारी शेजारणीने मला एक मेसेज पुढे धाडला. तो वाचवत नव्हता. अर्धा हिंदी, अर्धा मराठी, प्रत्येक ओळीला लाल खुणा. एक टोपलीवाली बाई, रुमाल, बेशुद्ध, हत्यार, काळाचौकीत काल झालं, सगळ्यांना पाठवा. तेवढ्यात सेक्रेटरीचा फोन आला. "आजी, ते टोपलीवालीचं बघितलंत? चाळीत म्हातारी माणसं एकटी आहेत. नीट करून टाका ना."

मी चष्मा पुसला आणि बसले. वर लिहिलं, सूचना. खाली आकडे घालून मुद्दे लिहिले. पहिला, एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांनी सावध राहावे. दुसरा, अशा स्त्रिया टोपली घेऊन विक्रीच्या निमित्ताने येतात. तिसरा, टोपलीत धारदार हत्यार असते. पाचवा, दार उघडण्यापूर्वी साखळी लावावी.

चौथा मुद्दा मूळ मेसेजमध्ये नव्हताच. तो मी घातला. चारच मुद्दे मला अपुरे वाटत होते. मी लिहिलं, ओळखीच्या विक्रेत्याचे नाव सांगून येणाऱ्या व्यक्तीवर मुळीच विश्वास ठेवू नये.

काळाचौकी आपल्यापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. तिथे माझी जुनी मैत्रीण राहते. तिला एक फोन केला असता तर कळलं असतं की तिथे काहीच झालेलं नाही. मी केला नाही. मजकूर तयार झाला होता आणि चांगला झाला होता.

ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. "आजींनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार," असं एकाने लिहिलं. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. संध्याकाळी तीच सूचना मला दादरच्या एका मैत्रिणीकडून परत आली. वाक्य न् वाक्य माझं. फक्त माझ्या खोलीचा नंबर गेला होता आणि खाली कुठल्यातरी पोलीस ठाण्याचं नाव आलं होतं. मी ते पाहिलं आणि हसले. तेव्हा थांबायला हवं होतं.

त्या बुधवारी मावशी आली नाही. शुक्रवारीही नाही. मनात आलं, बरं नसेल. विचारायचं कुणाला, तिच्याकडे फोन कुठे आहे, असा विचार करून मी डाळभात लावला. माझ्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून बोललेला निरोप येऊन पडला होता. मी बोललेले निरोप ऐकत नाही. सांगायचं ते लिहून पाठवावं असं माझं मत आहे. त्यावर फुलं, सुविचार, देवांचे फोटो आणि त्या सूचनेबद्दलची अभिनंदनं साचत गेली, आणि तो खाली गेला.

रविवारी सकाळी मी कपड्यांच्या घड्या करत होते. फोन वाजला. ग्रुपवर गेटपाशी उभ्या असलेल्या एका बाईचा फोटो होता. खाली एकेक ओळ येत गेली.

"ओळखता का कोणी?"

"नाही."

"बुधवारी पण होती. गेटवर उभी राहून गेली."

"फ्रायडेला पण. मी बघितली. वर बघत होती."

"टोपली आहे."

"आजींचा मेसेज वाचा सगळ्यांनी."

मग तिथे व्हिडिओ सुरू झाला. पहिल्या मजल्यावरून कुणीतरी अंगण दाखवत होतं. मला दोन आवाज ऐकू येत होते. आधी गॅलरीतून खरा गलका यायचा, आणि मग तोच गलका, जरा उशिरा, हातातल्या फोनमधून. गॅलरी माझ्यापासून चार पावलांवर होती. मी घडी केलेला टॉवेल खांद्यावर टाकून उभी राहिले आणि फोनमध्ये बघत राहिले. एक मिनिट असेल, दोन असतील. फोनमध्ये बघताना ते कुठेतरी लांब चाललं आहे असं वाटत होतं. कुणीतरी गेट ओढून घेतलं. पाटी कलंडली. बाईच्या अंबाड्याला मागून एका हाताने धरलं. त्या हातातल्या बांगड्या मी ओळखल्या. माझ्या शेजारणीच्या होत्या.

तेव्हा मी खाली गेले.

"आजी आल्या! आजींना विचारा!" असं कुणी म्हणालं आणि वाट झाली. कोयता धरलेला माणूस तळमजल्यावरचा, देवभोळा, मुंगीलाही न मारणारा. त्याचा चेहरा घामाने चमकत होता. "बघा आजी," तो म्हणाला, "तुमी लिवलंत अगदी तसंच! हत्यार निघालं!"

"कोयता हाय तो!" ती बाई ओरडली. "मासली कापाला! कोयत्याबिगर मासली कशी कापू, दातानं?"

कुणी हसलं नाही. एरवी चाळ हसली असती.

तिने मला पाहिलं. माझे पांढरे केस पाहून तिला धीर आला असावा. "बाय, तुमीच ना तिसऱ्या माल्यावरच्या? माजी सासू येते तुमच्याकडं. तिनं तुमाला फोनवर निरोप केलाय ना, मी येनार म्हनून?"

माझ्या डोक्यात त्या वेळी मावशीचा चेहरा आला नाही. चौथा मुद्दा आला. ओळखीच्या विक्रेत्याचे नाव सांगून येणाऱ्या व्यक्तीवर. मी माझंच वाक्य मनात वाचलं आणि ते मला पटलं.

मी म्हणाले, "मला काही आलेलं नाही. मी हिला ओळखत नाही."

तुमचा व्हिडिओ इथे संपतो. पुढचं कुणीच पाठवलेलं नाही, म्हणून मी सांगते.

माझं वाक्य संपायच्या आत घोळका पुढे सरकला. इतकी वर्षं चाळीत राहून मी आमच्या माणसांना तसं एकत्र हलताना पाहिलं नव्हतं, विसर्जनालासुद्धा नाही. तिने कोयता परत घ्यायला हात घातला, त्याने मागे ओढला, आणि तिच्या तळहातातून रक्त आलं. ते पाहून माणसं थबकली, पण मागे कुणी झालं नाही. ती रडत नव्हती. तिने हात पोटाशी धरला आणि मला पुन्हा म्हणाली, "फोन बघा ना, बाय. एकदा बघा."

मी फोन उघडला. बोटाने खाली खाली गेले. फुलं, देव, अंगठे, पुन्हा फुलं. मंगळवारच्या तारखेला तो अनोळखी नंबर होता. मी निरोप लावला. माझा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, कान मंद झालेत म्हणून.

"बाय, मी बोलतंय गो," मावशीचा आवाज अंगणभर झाला. "मोरीत पाय घसरला, खुब्याचा हाड मोडला. डाक्टर बोलतो तीन म्हयने उठू नको. उद्यापासून सून येल. नवी हाय ती, लाजते. दारावर थापा मारनार नाय. गेटवर उभी रायली तर तू हाक मारून घे गो."

बुधवारी ती गेटवर उभी होती. शुक्रवारीही. हाकेची वाट बघत वर बघत होती.

अंगणात वर धरलेले फोन एकेक करून खाली गेले, खिशात गेले, पदराआड गेले. मघाशी पाच-सहा जणांनी चित्रण केलं होतं. हे एकानेही केलं नाही. शेजारणीने अंबाडा केव्हाच सोडला होता. तिचा हात हवेत तसाच होता. "माका काय म्हायती?" ती हळूच म्हणाली. "तुमीच लिवलात मां."

खांद्यावरचा टॉवेल मी मावशीच्या सुनेच्या हाताला बांधला आणि टॅक्सीने तिला डॉक्टरांकडे नेलं. सहा टाके पडले. वाटेत ती एकदाच बोलली. "पाटी रायली." आम्ही परत आलो तेव्हा बायकांनी मासे वेचून, नळाखाली धुऊन, पाटीत नीट रचून ठेवले होते. कोयताही धुतला होता. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि एका हाताने सावरत निघून गेली. कुणीतरी पाणी विचारलं. तिने मान वळवली नाही.

त्या दुपारी मी ग्रुपवर लिहिलं. सूचना चुकीची होती. ती मी पडताळून न पाहता लिहिली. चौथा मुद्दा माझ्या मनाचा होता. ही बाई आपल्या मावशींची सून आहे आणि मला निरोप आला होता. उत्तरात जोडलेले हात आले. "आजी, मनाला लावून घेऊ नका." दहा मिनिटांनी कुणीतरी सुविचार टाकला. आणि संध्याकाळी शेजारच्या टॉवरमधल्या एका बाईने माझी ती पहिली सूचना, पोलीस ठाण्याच्या नावासकट, आमच्याच ग्रुपवर पुन्हा टाकली. तिलाही अंगठे मिळाले. तेच अंगठे.

मी खडू घेऊन खाली गेले. उंदरांच्या औषधाची जाहिरात काढली, फळा ओल्या फडक्याने पुसला आणि सगळं लिहिलं. खाली माझी सही केली. सेक्रेटरीला म्हटलं, "तू तिथे होतास. दुसरी सही कर."

तो डोकं खाजवत उभा राहिला. "आजी, लेखी कशाला? उद्या केस-बिस झाली तर माझं नाव पहिलं येणार. व्हिडिओ बाहेर गेलाय."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"ते आता कोण सांगणार?"

शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, गॅसवर दूध आहे. आमच्या फळ्यावर एकाच सहीची ती पहिलीच सूचना. दमट हवेने पुसट होईपर्यंत तशीच राहिली.

दोन आठवड्यांनी मी शीव कोळीवाड्याला गेले. मावशी खाटेवर होती, पायाला वजन लावलेलं. मी बसले आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं, चौथ्या मुद्द्यासकट. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल. तिच्या शिव्या मी तीस वर्षं ऐकल्यात, त्या ऐकल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने उशीखालून सुनेचा फोन काढला आणि माझ्या हातात दिला.

"ते बग. आमच्या गल्लीत पन आलाय."

माझे पाच मुद्दे होते. दार उघडण्यापूर्वी साखळी लावावी. फक्त टोपलीत कुणीतरी भांडी घातली होती.

"आमची बोहारीन यायची, जुन्या लुगड्यांवर भांडी द्यायची," मावशी म्हणाली. "वीस वर्सं येते. पोरींनी तिला नाक्यावरनं हाकलली. दगड मारला. मी खाटेवरनं वरडत होते, अगो, ती आपली हाय. कोन ऐकतो? फोनमधी लिवलंय."

आतल्या खोलीत सून कोळंबी सोलत बसली होती. पाठ आमच्याकडे होती. तिने वळून पाहिलं नाही आणि मीही हाक मारली नाही. हाक मारायची वेळ होती ती गेली होती.

"ती आता नाय येनार दारोदार," मावशी म्हणाली. "धक्क्यावर सोलायला जाते. मी येन. पाय चालू दे."

ती आली. चार महिन्यांनी, एका रविवारी. ती दारात पोचायच्या आधी माझा फोन वाजला. ग्रुपवर जिन्यात काठी टेकत चढणाऱ्या एका पाठमोऱ्या म्हातारीचा फोटो होता. "पिशवी आहे. ओळखता का कोणी?" मी ओळखलं. पाठीवरूनच ओळखलं. "मावशी आहेत, वर येऊ द्या," असं मी लिहिलं, आणि तोवर दारावर दोन थापा बसल्या. पूर्वीपेक्षा हळू.

मी उठले, धावलेच म्हणा ना, आणि दार उघडलं. ते चार बोटं उघडून अडलं.

साखळी लावलेली होती. दाराशी जाताना माझ्याच हाताने ती लावली होती. मला आठवत नाही. ती मावशी आहे हे मला माहीत होतं, तरी हाताने आपलं काम केलं होतं.

त्या फटीतून तिने आधी साखळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे, बाय," ती म्हणाली. "लाव साखली. आता तसंच हाय."

मी घाईने ती काढली. ती आत आली नाही. उंबऱ्यावर बसून तिने पिशवीतले बोंबील साफ केले. आमच्या जुन्या विळीवर, कारण कोयता तिने आणला नव्हता. चहा नको म्हणाली. मी गॅलरीतून तिला गेटपर्यंत बघत राहिले. जिन्यातल्या एकेका दाराची कडी ती गेल्यावर वाजत होती.

त्याला महिना झाला. ती पुन्हा आलेली नाही. पाय दुखावला, की गेटवर कुणी अडवलं, की साखळीच मनात राहिली, मला कळत नाही. त्या नंबरवर फोन करते तर उचलत नाहीत. मी बोललेला निरोपही ठेवला आहे, आयुष्यातला पहिला. तो ऐकल्याची खूण अजून आलेली नाही. उद्या पुन्हा कोळीवाड्याला जाणार आहे.

आणि गेल्या रविवारी तुमच्याकडून तो व्हिडिओ आला. आपल्या अंगणातून निघून, कुठल्या कुठल्या गावांची नावं लावून, समुद्रापलीकडे जाऊन तो माझ्या नातवाच्या हातून माझ्याकडे परत आला, माझीच काळजी म्हणून. त्यात मावशीची सून अजून गुन्हेगार आहे. रोज कुठेतरी कुणीतरी तिचा चेहरा बघून दार लावून घेत असेल. तिचा चेहरा स्पष्ट आहे. माझा दिसतही नाही.

तुम्ही तो मला पाठवलात. आणखी कुणाकुणाला पाठवलात ते मला कळवा. प्रत्येकाचं नाव, आठवून. मग त्या प्रत्येकाला लिहा की ती पाठमोरी बाई आमची आजी आहे, ती तिथे खोटं बोलली, आणि तिला निरोप आला होता. अंगठा पाठवू नका. लिहा.

आज रविवार. पावणेदहा झाले आहेत. दाराची साखळी मी सकाळीच काढून ठेवली. हे लिहिताना फोन दोनदा वाजला आहे. तो न बघता आधी गॅलरीत जाऊन येते.